माझ्या पायांचं भाडं

आमच्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर जूनमध्ये एक मेसेज ठरलेला असतो. पावसाळा तोंडावर आलेला, रस्त्यांची चाळण झालेली, आणि ग्रुपमध्ये नवीनच आलेलं कुणीतरी विचारतं, 'स्मार्ट ट्रेनर घ्यायचाय, बजेट साठ हजार, कुठला घेऊ?' मग तासाभरात चाळीसेक उत्तरं पडतात. कुणी फ्लायव्हीलचं वजन सांगतं, कुणी चढाची टक्केवारी, कुणी बजावतं की एक टक्का अचूकता असेल तरच घे, दोनवाला घेऊ नकोस. एक काका आहेत, ते 'घरात बसून कसली सायकल, बाहेर पड' एवढंच लिहून सूर्योदयाचा फोटो टाकतात.

या वर्षी मी त्या गर्दीत एकच प्रश्न टाकला : 'ही कंपनी उद्या बुडाली तर हे यंत्र परवा चालेल का?' तीन हसऱ्या इमोजी आल्या. एकाने लिहिलं, 'ताई, एवढं निगेटिव्ह कशाला?'

निगेटिव्ह नाही रे बाबा. अठ्ठावीस हजारांचं यंत्र भंगारवाल्याला किलोच्या भावाने दिलेली बाई आहे मी. ग्रुपवर हे सगळं टाइप करणं शक्य नव्हतं, म्हणून इथे लिहितेय.

पण त्या यंत्राच्या आधी बाबांच्या सायकलबद्दल सांगते, कारण माझा सगळा राग तिथूनच येतो.

बाबांची सायकल ॲटलास. १९८८ साली घेतलेली, काळी, दांडीवाली. दापोडी ते चिंचवड, शिफ्ट असेल त्या वेळेला, एकोणतीस वर्षं ते तिच्यावरून कारखान्यात गेले. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे त्या काळातली शेवटची पिढी. पुढे ३ जून २०२० ला, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलासच्या साहिबाबादच्या कारखान्याबाहेर नोटीस लागली : चालवायला पैसे नाहीत, काम बंद. बाबांनी बातमी वाचली, 'अरेरे, त्या कामगारांचं काय होणार,' म्हणाले, आणि सायकल काढून दूध आणायला गेले.

सायकलला त्या बातमीचा पत्ताही लागला नाही. तिचा टायर अठ्ठावीस बाय दीडचा, तो अजून गावोगावच्या दुकानात मिळतो. कॉटर पिन, छर्रे, तारा, ब्रेकचे रबर, सगळं कुणाही कंपनीचं चालतं. चौकातला सायकलवाला ती उघडताना कुणाला फोन करून परवानगी मागत नाही. सायकल बनवणाऱ्यांनी फार पूर्वीच काही मापं आपसांत ठरवून टाकली, आणि मग कंपनी राहो की जावो, वस्तू माणसाची झाली. बाबांना यात काही विशेष वाटत नाही. विकत घेतलेली गोष्ट आपली असते, यात विशेष ते काय?

आता माझ्याकडे या.

मी बाहेरच सायकल चालवत होते. बोपदेव घाट, सिंहगडाचा पायथा, रविवारी लोणावळा. चार वर्षांपूर्वी बायपासच्या सर्व्हिस रोडवर उलट्या दिशेने आलेल्या एका टेम्पोने मला बाजूला ढकललं आणि गळपट्टीचं हाड मोडलं. तीन महिने हात गळ्यात. त्यानंतर पहाटे पाचला एकटीने बाहेर पडायचं म्हटलं की आईचा चेहरा बघवत नाही, आणि खरं सांगायचं तर माझाही जीव थोडा होतो. तेव्हा सूर्योदयवाल्या काकांना नम्रपणे सांगायचंय की घरात सायकल मारणं म्हणजे नाटक नव्हे. पहाटेचा रिकामा रस्ता सगळ्यांसाठी सारखाच रिकामा नसतो. रात्रपाळीची नर्स, तान्ह्या मुलाची आई, अपघातातून उठलेला माणूस, यांना चार भिंतींतला तास मिळाला तर तोही मोठा असतो. माझा वाद ट्रेनरशी नाहीच. वाद आहे तो आपण ट्रेनर ज्या पद्धतीने विकत घेतो तिच्याशी.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चांगल्या प्रकारच्या ट्रेनरला सायकलचं मागचं चाक काढून चेन थेट यंत्रावरच्या दात्यांवर बसवायची असते. आत एक जड फ्लायव्हील आणि त्याला अडवणारे विद्युतचुंबक असतात. फोनवरचं किंवा लॅपटॉपवरचं ॲप यंत्राला कळवतं की पुढे सात टक्के चढ आहे, चुंबकाचा जोर वाढतो आणि पेडल जड होतं. दुसरी पद्धत 'अर्ग' नावाची. त्यात ॲप १८० वॅट मागतं आणि यंत्र तुमच्याकडून तेवढेच वसूल करतं. पाय मंदावला की पेडल आणखी जड, भरभर मारलं की हलकं. म्हणजे सगळा खेळ ॲप आणि यंत्र यांच्या बोलण्यावर आहे. ते बोलणं बंद पडलं की खाली उरतं ते लोखंड.

माझं नेमकं तेच झालं. बाणेरच्या एका मुलाकडून जुना ट्रेनर घेतला. परदेशी कंपनी, नाव घेत नाही. देखणं यंत्र होतं. ते फक्त कंपनीच्या स्वतःच्या ॲपशी बोलायचं, पण ॲप छान होतं, त्यामुळे मला काही वावगं वाटलं नाही. मी उलट खूश होते, दहा ॲप्सची कटकट नको. पहिले सात महिने मजेत गेले. मग फोन बदलला. नव्या फोनवर ॲप उतरवायला गेले तर स्टोअरमध्ये ते नव्हतं. कंपनीने ते मॉडेल 'आता सपोर्ट करत नाही' यादीत टाकलं होतं. जुन्या फोनवर ॲप होतं, तर ते उघडताना लॉगिन मागायचं आणि लॉगिन होत नव्हतं. ईमेल केले. उत्तर आलं, मोठं गोड : आमचं नवं मॉडेल घ्या, तुम्हाला पंधरा टक्के सवलत देऊ. ही सवलतही भारतात लागू नव्हती.

यंत्रात काहीही बिघडलेलं नव्हतं हे लक्षात घ्या. बेअरिंग ठणठणीत, पट्टा नवा, चुंबक शाबूत. बाबा म्हणाले, 'उघडून बघू का?' उघडून काय बघणार? बिघाड यंत्रात नव्हताच. कुठल्या तरी परदेशातल्या सर्व्हरवरची एक ओळ पुसली गेली होती. बाबांनी आयुष्यभर मशीन दुरुस्त केली. या मशीनपुढे ते स्क्रूड्रायव्हर हातात धरून बसले होते, ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

तेव्हा कुठे मी तो विषय वाचायला लागले, जो आधी वाचायला हवा होता. आणि कळलं की सायकलच्या टायरसारखी मापं या यंत्रांसाठीही ठरलेली आहेत. दोन आहेत. एक 'ॲन्ट प्लस एफई-सी', दुसरं ब्लूटूथवरचं 'एफटीएमएस', जे २०१७ मध्ये जाहीर झालं. नावं रुक्ष आहेत, पण अर्थ सोपा आहे. यंत्राने आपला वेग, वॅट, पायाची गती कशी सांगायची आणि ॲपने 'एवढा जोर लाव' हा हुकूम कसा द्यायचा, याची ही सर्वांसाठी लिहून ठेवलेली भाषा. ज्या ट्रेनरला ती येते, तो ती येणाऱ्या कुठल्याही ॲपशी बोलू शकतो. आज चालू असलेल्या, बंद पडलेल्या, आणि अजून जन्मालाच न आलेल्यासुद्धा. हँडलवर लावायचे काही छोटे जीपीएस संगणकही ॲन्ट प्लसवरून ट्रेनरला थेट हुकूम देतात. त्याला ना इंटरनेट लागतं, ना खातं.

चांगली बातमी अशी की आज बाजारातल्या बहुतेक नावाजलेल्या ट्रेनरांना या दोन्ही भाषा येतात. वाईट बातमी अशी की हे कुणी विचारतच नाही. खोक्यावर ॲप्सचे रंगीत लोगो असतात, आपण ते मोजतो. लोगो म्हणजे आजची मैत्री. ती मोडू शकते.

मोडते म्हणजे कशी, तेही सांगते, कारण 'ताई, तुझं नशीब वाईट' हे मी पुष्कळ ऐकलंय. २०२३ च्या ३१ ऑक्टोबरला आरजीटी नावाचं, रस्त्यांची हुबेहूब नक्कल करणारं ॲप बंद झालं. आदल्याच वर्षी ते वाहूने विकत घेतलं होतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पेलोटनने अमेरिकेत नियम आणला की दुसऱ्या माणसाकडून जुनी पेलोटन सायकल घेतलीत तर ती आमच्या सेवेला जोडायचे आधी ९५ डॉलर भरा, मासिक वर्गणी वेगळी. सायकल आधीच्या मालकाने पूर्ण पैसे देऊन घेतलेली, तरीही. आणि २०२५ च्या जुलैमध्ये इचेलॉनने आपल्या घरगुती सायकलींना असं अपडेट पाठवलं की सुरू होताना यंत्र आधी कंपनीच्या सर्व्हरला विचारणार. लोक त्या सायकली 'क्यूझेड' नावाच्या एका स्वतंत्र ॲपच्या मदतीने हव्या त्या ॲपला जोडत होते. अपडेट झालेल्या यंत्रांवर ते बंद. तुमच्या बेडरूममधली सायकल, तुमचे पाय, आणि पेडल मारायची परवानगी सर्व्हर देणार.

याउलट एक गोष्ट. झ्विफ्टने २०२२ मध्ये ४९९ डॉलरला स्वतःचा 'हब' ट्रेनर काढला. वाहूने पेटंटवरून कोर्टात खेचलं. वर्षभराने समझोता झाला आणि हब विक्रीतून गेला. आता ज्यांच्या घरी तो होता त्यांचं काय झालं? काहीच नाही. हबला दोन्ही खुल्या भाषा येत होत्या, त्यामुळे दोन कंपन्यांच्या भांडणात त्या लोकांचं यंत्र मेलं नाही. बाबांच्या ॲटलासचीच गोष्ट ही, फक्त विजेवर चालणारी.

आपल्याला खरं तर हे शिकायला परदेशातल्या बातम्या लागायला नकोत. २०१७-१८ मध्ये पुण्यात ॲपवर उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या होत्या, आठवतंय? औंधात, विद्यापीठात, रंगीबेरंगी रांगा. फोटो काढले, रिबिनी कापल्या. मग एकेक कंपनी निघून गेली. फुटपाथवर आडव्या पडलेल्या त्या सायकलींची चाकं, चेन, सीट सगळं जागेवर होतं, फक्त कुलूप उघडायला कुणी उरलं नव्हतं. माझ्या कॉलेजसमोर एक पिवळी सायकल दोन पावसाळे पडून होती. नंतर तिचं काय झालं कुणास ठाऊक.

आता पैशांचं बोलू, कारण ग्रुपवर सगळे यंत्राची किंमत काढतात आणि ॲपची विसरतात. झ्विफ्टची मासिक वर्गणी २०२४ पासून १९.९९ डॉलर आहे. २०१५ मध्ये ती दहा डॉलर होती. आजच्या भावाने महिन्याला साधारण सतराशे रुपये, वर्षाला वीस हजार, तीन वर्षांत साठ. म्हणजे 'बजेट साठ हजार' म्हणणाऱ्या मुलाचं खरं बजेट एक लाख वीस हजार आहे आणि त्याला ते कुणी सांगितलेलं नाही. त्यात डॉलर वर गेला की आपली वर्गणी आपोआप वाढते. कॅलिफोर्नियातल्या माणसाला जे दोन कॉफींचं बिल आहे, ते दापोडीत महिन्याचं सिलेंडर आणि दूध आहे.

इथे कुणी म्हणेल की सर्व्हर फुकट चालत नाहीत, प्रोग्रामरांना पगार लागतो. बरोबर आहे. मी स्वतः आयटीत आहे, माझाही पगार कुणाच्या तरी वर्गणीतूनच येतो. आणि झ्विफ्टमध्ये मजा आहे हे कबूल. वाटोपियाच्या त्या बनावट ज्वालामुखीवर रात्री साडेनऊला अनोळखी माणसांच्या झुंडीत चढताना मी खरंच ओरडलेली आहे, आई दार वाजवून गेली होती. खेळासाठी पैसे मोजायला माझी ना नाही. सिनेमाला मोजतोच की. मी काय करते सांगू? जून ते सप्टेंबर वर्गणी भरते, ऑक्टोबरात बंद करते. आठ महिने ट्रेनर दुसऱ्या ॲपवर चालतो. हे करता येतं कारण यंत्र माझं आहे आणि ॲप पाहुणं. हेच उलटं झालं, यंत्रच ॲपचं झालं, की दर महिन्याला भरताय ते तुमच्याच पायांचं भाडं.

मग फुकटवाले येतात. 'मायव्हूश घे ना, एक रुपया नाही.' खरंय. अबुधाबीचं ॲप आहे, सगळ्यांना मोफत, आणि हलकंसलकं नाही. २०२४ ची जागतिक सायकल संघटनेची ई-स्पोर्ट्स विश्वविजेतेपद स्पर्धा त्यावरच झाली. मी वापरते, तुम्हीही वापरा. फक्त मोफत आणि मोकळं या दोन शब्दांत गल्लत करू नका. मोफत म्हणजे आज दुसरं कुणीतरी बिल भरतंय. त्याने उद्या हात आखडला तर आपण काही बोलू शकत नाही, कारण आपण कधी पैसेच दिले नव्हते. मोकळं म्हणजे 'गोल्डन चीता'सारखं : लॅपटॉपवर चालणारं, ज्याचा कोड सगळ्यांसाठी उघडा आहे, ज्याला बंद करणारा कुणी एक मालक नाही. दिसायला ते महावितरणच्या बिलाइतकं सुंदर आहे. आलेख, रकाने, आणखी आलेख. ज्वालामुखी नाही, झुंड नाही. पण इंटरनेट बंद करून, लॅपटॉपला ॲन्ट प्लसची छोटी स्टिक लावून मी त्यावरून ट्रेनरला हुकूम देते आणि तो ऐकतो. पहिले आठ दिवस कंटाळा आला. नंतर लक्षात आलं की वीस मिनिटं २०० वॅट धरायचे असतील तर डोळ्यांसमोर ज्वालामुखी आहे की भिंत, याने पोटऱ्यांना काही फरक पडत नाही. (तुम्हाला पडत असेल तर झ्विफ्ट घ्या. मी काही वैराग्य विकायला बसलेले नाही.)

आणि तुमचा घाम ज्या फाइलीत साठतो ती फाइल तुमच्या हातात असू द्या. प्रत्येक राइडची 'फिट' नावाची फाइल होते. ती ॲपमधून बाहेर काढता येते का, हे पहिल्याच दिवशी करून बघा, तीन वर्षांनी नाही. माझे त्या सात महिन्यांचे सगळे आकडे त्या बंद लॉगिनच्या पलीकडे राहिले. हाड जुळल्यानंतर पहिल्यांदा तासभर न थांबता पेडल मारलं तो दिवसही त्यातच आहे.

एक-दोन टक्के अचूकतेचा जो ध्यास आहे त्याबद्दल दोन शब्द. तुमची ताकद मोजायची नेहमीची पद्धत अशी : वीस मिनिटं जीव तोडून चालवा, सरासरी वॅट काढा, त्याचे ९५ टक्के घ्या. हा आकडा आदल्या रात्रीची झोप, मे महिन्याचा उकाडा आणि लग्नातलं जेवण यांनी सहज हलतो. तिथे यंत्र एक टक्का चुकतं की दोन, याच्यासाठी वीस हजार जास्त मोजणारा माणूस एक तर शर्यतीत उतरणारा असतो किंवा दुकानदाराचा लाडका. रोज सारखंच चुकणारं यंत्र आपल्याला पुरतं. वीस टक्के चढाची नक्कल करणारा ट्रेनर घेणाऱ्यांनाही मी विचारते, शेवटचा वीस टक्के चढ कधी चढलात, आणि चढलात की ढकललीत?

याउलट ज्या गोष्टींनी खरोखर अडतं त्या कुणी सांगत नाही. सायकल मारताना आपण पेडलवर जेवढं काम करतो त्याच्या तिप्पट-चौपट उष्णता शरीर बाहेर टाकतं. २०० वॅट मारताय म्हणजे खोलीत सातशे वॅटच्या आसपासची इस्त्री चालू आहे, आणि ती इस्त्री तुम्ही आहात. रस्त्यावर वारा हे काम करतो. घरात पंखा हवा, छताचा नाही, समोरून छातीवर येणारा. पंख्याचे पैसे आधी बाजूला काढा, मग ट्रेनर बघा. घामाने हेडसेटचे बोल्ट गंजतात, दांडीवर टॉवेल टाका. यंत्राचा आवाज कमी असला तरी थरथर स्लॅबमधून खाली उतरते. आमच्या खालच्या जोशीकाकूंना आठवडाभर वाटत होतं की आम्ही रात्री पीठ दळतो. जाड रबरी चटईने ते मिटलं. आणि भारतात घेतलेली साधी हायब्रिड सायकल असेल तर मागच्या चाकाला बहुधा सात दात्यांचं आट्याचं फ्रीव्हील असतं. ते काढून ट्रेनरवर बसत नाही, ट्रेनरसाठी वेगळी कॅसेट घ्यावी लागते, आठ गिअरची चालून जाते. दुकानात हे विचारलं तर निम्मे लोक खांदे उडवतात. वीज जाण्याचाही हिशेब करा. टॅक्सचे निओ ट्रेनर प्लग न लावताही चालतात, पेडल मारूनच स्वतःची वीज बनवतात. आमच्याकडे गुरुवारी वीज जाते, त्यामुळे मला त्यांचा हेवा वाटतो. परवडत नाहीत, एवढंच.

परवडण्यावरून आठवलं. ज्यांचं बजेट साठ नाही तर सहा हजार आहे, त्यांनी या सगळ्याकडे बघून खट्टू होऊ नये. साधा, मुका ट्रेनर आणि चाकाला लावायचा एक स्पीड सेन्सर एवढ्यावरही झ्विफ्टमध्ये शिरता येतं. ॲप वेगावरून वॅटचा अंदाज बांधतं. चढ आला तरी पेडल आपोआप जड होणार नाही, गिअर बदलून आपणच चढ करायचा. पण तो सेन्सरसुद्धा ब्लूटूथ आणि ॲन्ट प्लसची सर्वसाधारण भाषा बोलणारा घ्या. मुक्या ट्रेनरचा एक मोठा गुण म्हणजे त्याला कुणीही अपडेट पाठवू शकत नाही.

सध्या नवं प्रलोभन आहे ते आभासी गिअरचं. ट्रेनरवर एकच दात्याचं चाक, हँडलवर बटण, गिअर सॉफ्टवेअरमध्ये. कल्पना झकास आहे, वर सांगितलेली कॅसेटची कटकट संपते. पण झ्विफ्टने ते आणलं तेव्हा सुरुवातीला ते फक्त झ्विफ्टमध्येच चालायचं. दुसऱ्या ॲपवर गेलात की तुमची सायकल एका गिअरची. हळूहळू दारं किलकिली होताहेत, बरं आहे. तरी घेण्याआधी विचारा, हे बटण वर्गणी संपल्यावर काय करतं?

दुसरा ट्रेनर मी मागच्या वर्षी घेतला, पुन्हा जुनाच, चिंचवडच्या एका गृहस्थांकडून. लॅपटॉप, स्टिक आणि माझी सायकल घेऊन गेले. त्यांच्या हॉलमध्ये सायकल चढवली, लॅपटॉपचं वायफाय त्यांच्यासमोर बंद केलं. ते म्हणाले, 'अहो, ॲप डाउनलोड करा ना आधी, फोन द्या, मी करून देतो. खातं उघडायला दोनच मिनिटं लागतात.' म्हटलं, खातं न उघडता चालतो का तेच बघायचंय. त्यांना वाटलं मी काहीतरी फसवणूक शोधतेय. गोल्डन चीतामधून १५० वॅट मागितले. एक सेकंद काहीच झालं नाही. मग पेडल जड झालं. मी तिथेच, सोफ्यावर बसलेल्या त्यांच्या सासूबाईंसमोर, दहा मिनिटं घाम गाळला आणि पैसे दिले.

घरी आणल्यावर बाबांनी चारी बाजूंनी पाहिलं, खाली वाकून बेअरिंगला हात लावला. 'बसू का?' म्हणाले. सीट खाली केली. चप्पल घालूनच बसले. मी अर्गवर ऐंशी वॅट लावले. दोन-तीन मिनिटं मजेत मारलं, कारखान्यात जायच्या वेगाने, पाठ ताठ. मग सवयीने उतार आल्यासारखा पाय सैल सोडला, तर पेडल आणखी जड झालं. पुन्हा सोडला, पुन्हा जड.

'हे थांबूच देत नाही की गं,' म्हणाले, आणि खाली उतरून दूध आणायला गेले.